जर्मन गाड्यांच्या मेळ्याला पहिल्यांदा जाताना

सांस्कृतिक महोत्सवाच्या मैदानात एका बाजूला गाण्याबजावण्याचे व्यासपीठ असते आणि दुसऱ्या बाजूला, जरा मोकळ्या जागेत, जर्मन गाड्या रांगेने उभ्या असतात. नवखा प्रेक्षक तिथे पोहोचतो, चकाकत्या रंगांनी दिपून जातो, वीस मिनिटांत सगळ्या रांगांपुढून फिरतो, मोबाइलमध्ये फोटो भरून घेतो, आणि घरी आल्यावर त्यांतली एकही गाडी त्याला नीट आठवत नाही. असे होऊ नये म्हणून हा लेख लिहीत आहे. मोठ्या व्यापारी वाहन प्रदर्शनात नव्या गाडीशेजारी कंपनीचा विक्रेता उभा असतो. महोत्सवातल्या मेळ्यात मात्र गाडीशेजारी तिचा मालक बसलेला असतो, आणि त्याने बहुधा स्वतःच्या हातांनी तिचे नटबोल्ट सोडवून पुन्हा आवळलेले असतात. या एका फरकामुळे पाहण्याची रीतच बदलते. मोजक्या गाड्या निवडाव्यात, त्या जवळून पाहाव्यात आणि मालकाशी बोलावे. बाकी सर्व सूचना या तिन्हींच्या सोयीसाठी आहेत.

निघण्यापूर्वी

महोत्सवाचा कार्यक्रम दोन-तीन दिवस चालत असला, तरी गाड्यांचा मेळा बहुतेक वेळा त्यांतल्या एकाच दिवशी आणि ठरावीक तासांपुरता असतो, म्हणून वेळापत्रक आधी तपासावे. मेळा सर्व जर्मन गाड्यांसाठी खुला आहे की एखाद्याच कंपनीच्या गाड्यांसाठी, केवळ जुन्या गाड्या येणार आहेत की नव्याही, हेही पाहून ठेवावे. पावसाची शक्यता असेल तर आयोजकांची ताजी सूचना वाचल्याशिवाय निघू नये, कारण जुन्या गाडीच्या पत्र्याच्या सांध्यांत एकदा पाणी शिरले की गंज धरायला वेळ लागत नाही, आणि जपणारे मालक अशा दिवशी गाडी गॅरेजबाहेर काढतच नाहीत.

शक्यतो मेळा सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे. गाड्या एकामागून एक मैदानात शिरतात, तेव्हा त्या चालताना दिसतात आणि त्यांचे आवाज ऐकू येतात. पुढे दिवसभर त्या मुक्या उभ्या असतात. सकाळची तिरपी ऊन्हे फोटोलाही चांगली, कारण भर दुपारी रंगावर आणि क्रोमच्या बंपरवर सूर्याची तिरीप येते आणि गाडीचा आकार हरवतो.

कपड्यांकडे थोडे लक्ष द्यावे. पट्ट्याचे मोठे बक्कल, जाकिटाची लोंबती चेन, खांद्यावरून झुलणारी पिशवी, गळ्यात लटकणारा कॅमेरा, यांपैकी कशानेही वाकून पाहताना दाराच्या रंगावर ओरखडा उमटू शकतो. एका मेळ्यात माझ्या पिशवीची कडी एका दाराला पुसटशी घासली होती. ओरखडा पडला नव्हता, पण मालकाने ज्या तऱ्हेने दोन बोटे त्या जागेवरून हळूच फिरवून खात्री करून घेतली, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून पिशवी पोटाशी धरूनच मी रांगेत शिरतो, आणि तुम्हीही तसेच करावे असे आग्रहाने सांगतो. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना आधीच समजावून सांगावे की हात मागे बांधून पाहायचे आणि मालकाने स्वतः बोलावले तरच गाडीला हात लावायचा.

पहिली फेरी फोटोंशिवाय

मैदानात गेल्यावर पहिली फेरी कॅमेरा बंद ठेवून मारावी. ही फेरी निवडीसाठी आहे. ज्या गाडीपाशी पाऊल आपोआप थबकेल ती मनात नोंदवावी आणि अशा पाच-सहा गाड्या ठरवाव्यात. त्यानंतर प्रत्येक गाडीकडे आधी वीस पावलांवरून पाहावे, म्हणजे तिचा बांधा कळतो: नाक लांब आहे की आखूड, छप्पर मागे कुठे उतरते, चाके टोकांना आहेत की आत. मग पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यातून तिरपे पाहावे. दारे आणि बॉनेट यांच्या कडेच्या फटी सर्वत्र सारख्या असतील तर जुळणी काळजीपूर्वक केलेली आहे असे समजावे. सर्वांत शेवटी खिडकीतून आत डोकवावे, आणि तेही काचेला नाक किंवा हात न लावता.

गाडीबद्दल काहीच माहिती नसेल तर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: इंजिन कुठे आहे, ते कशाने थंड होते, आणि ही गाडी कोणाला परवडावी म्हणून बनवली होती. या तीन प्रश्नांवर जर्मन गाड्यांचा निम्माअधिक इतिहास उलगडतो.

बीटलपाशी थांबावे

अशा मेळ्यात फोक्सवॅगन बीटल हमखास असते, आणि ती ओळखीची असल्यामुळेच लोक तिला ओलांडून पुढे जातात. माझ्या मते नवख्याने सुरुवात तिच्यापासूनच करावी. मागे जाऊन पाहिले तर जिथे डिकी असावी तिथे इंजिन आहे: चार सिलिंडर, दोन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला आडवे, आणि वर मोठा पंखा. त्यात रेडिएटर नाही, पाणी नाही. इंजिन पंख्याच्या वाऱ्याने थंड होते. थंडीत गोठायला पाणीच नाही आणि गळायला नळ्याही नाहीत, असा हा साधा हिशेब होता. सुरू असताना तिचा जो फटफटता, कोरडा आवाज येतो, त्यात या पंख्याचा वाटा मोठा आहे.

आता पुढे यावे आणि मालकाला पुढचे झाकण उघडण्याची विनंती करावी. आत पेट्रोलची टाकी आणि स्टेपनी दिसेल. १९६० च्या दशकातली बीटल असेल तर स्टेपनीच्या व्हॉल्व्हमधून एक बारीक नळी निघून काच धुण्याच्या पाण्याच्या बाटलीकडे गेलेली दिसेल. समोरच्या काचेवर पाणी उडवायला वेगळा पंप दिलेलाच नव्हता. स्टेपनीतल्या हवेच्या दाबानेच पाणी उडे, आणि स्टेपनी अगदीच बसू नये म्हणून ठरावीक दाबाखाली हवा जाणे थांबवणारी झडप त्यात होती. त्याच्याही आधीच्या गाड्यांत पेट्रोलचा काटा नसे. गाडी आचके देऊ लागली की चालकाने पायापाशी असलेला खटका फिरवून राखीव पेट्रोल सुरू करायचे आणि पंप शोधायचा. जुन्या बीटलचा मालक हा खटका मोठ्या कौतुकाने दाखवतो, म्हणून त्याच्याबद्दल अवश्य विचारावे.

वय ओळखण्याची सोपी खूण मागच्या काचेत आहे. १९५३ च्या सुरुवातीपर्यंत ती मधोमध दुभागलेली होती, त्यानंतर १९५७ पर्यंत लंबगोल आणि एकसंध, आणि पुढे मोठी, चौकोनी होत गेली. दुभंगलेल्या काचेची गाडी मैदानात असेल तर तिच्याभोवती गर्दी का आहे हे आता कळेल. शेवटची मूळ बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्ला येथील कारखान्यातून बाहेर पडली. तोवर अशा दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

या गाडीचा जन्म नाझी राजवटीत झाला, हेही नवख्या पाहुण्याला माहीत असावे. जर्मनीतल्या मूळ कारखान्याची पायाभरणी १९३८ मध्ये झाली आणि युद्धकाळात तिथे सक्तीने आणलेल्या मजुरांकडून काम करून घेतले गेले. सामान्य ग्राहकांसाठी खरे उत्पादन सुरू झाले ते युद्धानंतर, ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली, आणि त्यात मेजर आयव्हन हर्स्ट या अधिकाऱ्याचा पुढाकार होता. महोत्सवाच्या आनंदी वातावरणात हा विषय कोणी आपणहून काढत नाही. जाणता मालक मात्र विचारल्यावर मोकळेपणाने बोलतो, आणि असे बोलणे मला गाडीच्या कौतुकाइतकेच मोलाचे वाटते.

बीटलच्या शेजारी पोर्शे ३५६ उभी असेल तर दोघींकडे आळीपाळीने पाहावे. बीटलची आखणी फर्डिनांड पोर्शे यांची आणि १९४८ ची ३५६ त्यांचे चिरंजीव फेरी पोर्शे यांच्या नेतृत्वाखाली घडलेली. सुरुवातीच्या ३५६ मध्ये बीटलचेच कितीतरी भाग वापरले होते. पुढची ९११ ही गाडी १९६३ मध्ये ९०१ या नावाने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली, परंतु मधोमध शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे शून्याच्या जागी एक आला. ९११ चे इंजिन १९९८ पर्यंत हवेनेच थंड होत राहिले, म्हणूनच तिचे शौकीन त्या वर्षाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गाड्यांत मोठा भेद करतात. आत डोकावल्यावर चावीची जागा पाहावी: ती स्टिअरिंगच्या डाव्या हाताला असते.

एका गावाच्या दोन गोष्टी

रांगेत कुठे तरी निळसर धूर सोडत आलेली, डब्यासारखी, फिक्या रंगाची छोटी गाडी दिसली तर ती बहुधा ट्राबांट असेल. ही पूर्व जर्मनीची गाडी. तिला हसणारे प्रेक्षक पुष्कळ असतात. तुम्ही मात्र तिच्यापाशी निवांत थांबावे. पोलादाची टंचाई असल्यामुळे तिच्या बाहेरच्या अंगाचा बराचसा भाग कापसाचे टाकाऊ धागे आणि राळ एकत्र दाबून बनवलेल्या ड्युरोप्लास्ट नावाच्या पदार्थाचा आहे. मालकाने परवानगी दिली तर बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहावे. पत्र्याचा खणखणाट न होता बद्द आवाज येतो. इंजिन दोन सिलिंडरचे आणि टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते. ६०१ या मॉडेलच्या नंतरच्या गाड्यांत पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल असे प्रमाण असे. टाकी बॉनेटखाली, इंजिनच्या वरच्या बाजूला आहे, त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच खाली उतरते आणि पंपाची गरज उरत नाही. किती पेट्रोल उरले हे पाहण्यासाठी बऱ्याच गाड्यांत काटा नव्हता, तर खुणा केलेली एक पट्टी टाकीत बुडवून बघायची. नाव नोंदवल्यावर ही गाडी हाती येईपर्यंत लोकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे ज्या घरात ती आली तिथे ती जिवापाड जपली गेली.

ट्राबांट त्स्विकाउ या गावात तयार होत असे, आणि ऑडीची सुरुवातही त्याच गावातली. ऑगस्ट होर्ख यांनी स्वतःच्या नावाने काढलेली कंपनी १९०९ मध्ये सोडली आणि दुसरी काढली, पण स्वतःचेच आडनाव त्यांना पुन्हा वापरता येईना. जर्मनमध्ये ‘होर्ख’ म्हणजे ‘ऐक’. लॅटिनमध्ये त्यालाच ‘ऑडी’ म्हणतात, म्हणून ते नाव घेतले गेले. १९३२ मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, होर्ख आणि वांडरर या चार कंपन्या एकत्र आल्या, आणि बोधचिन्हातली चार कडी त्या चौघींची आहेत. युद्धानंतर देश दुभागला गेला. कंपनीने पश्चिमेकडच्या इंगोलश्टाट येथे नव्याने संसार मांडला, आणि पूर्वेकडे राहिलेल्या त्स्विकाउमध्ये पुढे ट्राबांट बनू लागली. मैदानात १९८० च्या दशकातली ऑडी क्वाट्रो आणि ट्राबांट दोन्ही असतील, तर एकीवरून थेट दुसरीकडे चालत जावे. चारही चाकांना ताकद देणारी वेगवान गाडी आणि पट्टी बुडवून पेट्रोल मोजायची गाडी एकाच गावाची नाळ सांगतात, हे वाचण्यापेक्षा असे चालत जाऊन पाहिल्यावर अधिक पटते.

दारांकडे आणि अक्षरांकडे लक्ष द्यावे

मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल ही पंखांसारखी वर उघडणाऱ्या दारांची गाडी १९५४ मध्ये आली. तशा बंद छपराच्या गाड्या केवळ १४०० बनल्या, त्यामुळे ती प्रत्येक मेळ्यात दिसेलच असे नाही. दिसली तर दार उघडे असताना उंबरठा पाहावा. गाडीचा सांगाडा बारीक नळ्या एकमेकींना जोडून केलेला आहे आणि त्या नळ्या दोन्ही कुशींना इतक्या उंच येतात, की नेहमीचे दार बसवायला जागाच उरली नाही. म्हणून दार छपरात नेऊन अडकवले. ज्याला लोक दिमाख समजतात ती खरे तर एका अडचणीतून काढलेली वाट होती. बीएमडब्ल्यू इसेटाचे दार याहून वेगळे: गाडीचे संपूर्ण नाक हेच दार, आणि ते उघडताना स्टिअरिंगही त्याच्याबरोबर बाहेर झुलते. मूळ रचना इटलीतली, परवान्यावर घेतलेली, आणि इंजिन मोटारसायकलचे. १९५५ ते १९६२ या काळात बनलेल्या या छोट्या गाडीने बीएमडब्ल्यूला तिच्या अडचणीच्या वर्षांत हात दिला.

गाडीच्या पाठीवरची अक्षरे आणि आकडे वाचायला शिकावे, म्हणजे मालकाला विचारण्याआधीच बरेचसे कळते. जुन्या मर्सिडीजवर ३०० म्हणजे तीन लिटरचे इंजिन आणि ‘डी’ म्हणजे डिझेल. बीएमडब्ल्यू ३२० आय म्हणजे तिसरी मालिका, दोन लिटर आणि इंधन फवारणारी यंत्रणा. पोर्शेवरचे ‘टार्गा’ हे नाव सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ या शर्यतीवरून आणि ‘कॅरेरा’ हे मेक्सिकोतल्या कॅरेरा पानामेरिकाना या शर्यतीवरून आले. १९७६ च्या गोल्फ जीटीआयवर पुढच्या जाळीभोवती लाल रेघ असते आणि आत चौकड्यांच्या कापडाची आसने. ते कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ या गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या फोक्सवॅगनमधल्या डिझायनरच्या कल्पना आहेत.

नंबरप्लेटही वाचावी. जर्मनीतल्या पाट्यांवर सुरुवातीची अक्षरे गावाची असतात: ‘बी’ बर्लिन, ‘एम’ म्युनिक, ‘एस’ श्टुटगार्ट. शेवटी ‘एच’ हे अक्षर असेल तर ती गाडी किमान ३० वर्षांची आणि मूळ स्वरूप जपलेली म्हणून तिथे अधिकृतपणे मानली गेलेली आहे. इतर देशांतल्या मेळ्यांत काही मालक केवळ शोभेसाठी अशा पाट्या लावतात, तेव्हा ही पाटी गाडीची खरी आहे का, हा संभाषणाचा चांगला आरंभ होऊ शकतो.

मालकाशी बोलताना

पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ‘ही केवढ्याला पडली’ किंवा ‘विकणार का’ या प्रश्नांनी बहुतेक मालक मिटून जातात. ‘ही तुमच्याकडे कशी आली’ असे विचारावे आणि मग ऐकत राहावे. कोणाची गाडी वडिलांची असते, कोणाला ती कोठारात धूळ खात पडलेली मिळालेली असते. दुसरा चांगला प्रश्न म्हणजे ‘कोणता भाग मिळवायला सर्वांत जास्त वेळ लागला’. याचे उत्तर प्रत्येक मालकाकडे तयार असते आणि ते बहुधा इंजिनाबद्दल नसते. एखादी रबराची पट्टी, दिव्याची काच किंवा डॅशबोर्डवरचे एक बटण यांसाठी माणसे वर्षभर शोध घेतात. व्यासपीठावर वाद्ये जोरात सुरू असतील तर ओरडून बोलण्यापेक्षा दोन कार्यक्रमांमधल्या शांत वेळेत परत यावे. मालक कपड्याने गाडी पुसत असेल तर बोलायला हरकत नाही, कारण हात चालू असताना माणूस सहज बोलतो. तो वाकून काही दुरुस्त करत असेल तर मात्र थांबावे.

आपल्याला गाडीतली एखादी चूक कळली, म्हणजे चुकीच्या सालाचा आरसा किंवा नंतर बसवलेली चाके, तरी ती चारचौघांत बोलून दाखवू नये. त्याला ती आधीच माहीत असते. रंगाखाली भरण केले आहे का हे पाहण्यासाठी पत्र्याला लोहचुंबक लावणारे महाभागही मी पाहिले आहेत. गाडी विकत घेण्याचा व्यवहार चालू नसेल तर तसे करणे हा सरळसरळ अपमान आहे. आत बसण्याची इच्छा असली तरी आपण विचारू नये. मनापासून रस घेणाऱ्याला मालक बहुतेक वेळा स्वतःच दार उघडून देतो, आणि तेव्हा खिशातल्या चाव्या आधी काढून मगच आसनावर टेकावे.

जुनी गाडी चालवणे म्हणजे वाटेत दुरुस्ती करणे, ही परंपरा मोटारीइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझ यांच्या तीन चाकी मोटारीचे पेटंट १८८६ चे. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, शंभरहून अधिक किलोमीटर, ती मोटार घेऊन गेल्या. वाटेत त्यांनी औषधांच्या दुकानातून इंधन घेतले, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि झिजलेल्या ब्रेकला चांभाराकडून चामडे लावून घेतले. त्या मोटारीच्या प्रतिकृती अधूनमधून मेळ्यांत येतात. तशी एखादी दिसली, तर तिच्या ब्रेकचा लाकडी ठोकळा जिथे चाकाला टेकतो तिथे वाकून पाहावे आणि चामड्याची पट्टी शोधावी.

मत देताना

बहुतेक मेळ्यांत प्रेक्षकांना आवडत्या गाडीसाठी मतपत्रिका मिळते. काही ठिकाणी जाणकार परीक्षकही असतात, पण त्यांची कसोटी मूळ भाग, जुळणी आणि स्वच्छता यांची असते, प्रेक्षकाची तशी असावी लागत नाही. माझी सूचना एवढीच, की मत दुसऱ्या फेरीनंतर द्यावे. पहिल्या फेरीत चकाकी जिंकते. दुसऱ्या फेरीत, मालकांशी बोलून झाल्यावर, फिकट रंगाची, आसनाचे कापड विरलेली, पण पहिल्या दिवसापासून एकाच घरात राहिलेली आणि स्वतःच्या चाकांवर मैदानात आलेली गाडी डोळ्यांपुढे येते. मी मत बहुधा अशाच गाडीला देतो. मतपत्रिकेवर गाडीचा क्रमांक लिहायचा असतो, म्हणून काचेमागे ठेवलेल्या पाटीवरून तो उतरवून घ्यावा.

आता फोटो काढावेत. पूर्ण गाडीचे एक-दोन पुरेत; बाकीचे एखाद्या भागाचे काढावेत: स्टेपनीची ती नळी, दाराचा उंबरठा, डाव्या हाताची चावी. इंजिनवरचे किंवा सांगाड्यावरचे क्रमांक टिपू नयेत, आणि मालक चौकटीत येत असेल तर आधी विचारावे.

गाड्या परतताना

बक्षिसे जाहीर होताच गर्दी पांगते, पण तुम्ही थांबावे. दिवसभर मुक्या असलेल्या गाड्या आता एकेक करून सुरू होतात, आणि कान देऊन ऐकले तर बीटलचा कोरडा फटफटाट, जुन्या मर्सिडीज डिझेलची संथ खडखड आणि ट्राबांटचा झिणझिणता सूर डोळे मिटूनही वेगळे ओळखता येतात. रस्त्याच्या कडेला, चालकाला दिसेल अशा जागी उभे राहावे. जुन्या गाड्यांचे ब्रेक आजच्याइतके तत्पर नसतात आणि काहींच्या मागच्या काचेतून फारच थोडे दिसते. एखादी गाडी सुरू होईना, तर जवळ जाऊन धक्का हवा आहे का असे विचारावे, आणि मालकाने जागा दाखवली तिथेच तळहात सपाट ठेवून ढकलावे. दिव्यावर, बंपरच्या टोकावर किंवा पत्र्याच्या मधोमध जोर देऊ नये. ज्या मालकाला फोटो पाठवण्याचे कबूल केले असेल, त्याला तो त्याच आठवड्यात पाठवावा. गाडीशेजारी मालक स्वतः उभा असलेला फोटो त्याच्याकडे बहुधा नसतोच, कारण तो काढणारा तोच असतो.